रत्नागिरीतलं टॅक्सचं ऑफिस, जिथे आधी कलमांचं विचारतात

५ पैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली लिहिलंय.

माझे बाबा रिटायर्ड प्राथमिक शिक्षक. पेन्शन आहे, रिटायरमेंटच्या पैशांच्या एफडी आहेत आणि पावसजवळ गावाला हापूसची कलमं आहेत, म्हणजे आमच्याकडे घरोघरी असतं तसंच. आतापर्यंत इन्कम टॅक्सचा रिटर्न ओळखीतला एकजण भरून द्यायचा, फॉर्म १६ (पेन्शन आणि त्यातून कापलेल्या टॅक्सचा दाखला) आणि पासबुकाचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवायचा आणि अर्ध्या तासात झालं म्हणून कळवायचा, आम्हीपण खूश. त्याने आंब्याचं एकदाही विचारलं नाही आणि आम्हीपण सांगितलं नाही, कारण शेतीला टॅक्स नाही एवढंच आम्हाला माहीत.

२०२५ ला गौरी-गणपती झाल्यावर बाबांना घेऊन राम आळीजवळच्या या ऑफिसात गेले. त्या वर्षी रिटर्नची मुदत ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली होती म्हणून जमलं. जुलैत आमच्याकडे लावणी, त्यात पाऊस, लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरपण जातो, मग आधारचा ओटीपी येणार कुठून?

ऑफिसातल्या मॅडमनी फाईल उघडायच्या आधीच विचारलं, "गुरुजी, कलमं किती तुमची?" बाबा म्हणाले, "बाय, आंब्याला कुठे टॅक्स असतो?" त्यावर त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि पाऊण तास समजावलं, बाबांनी जन्मभर मुलांना गणितं शिकवली म्हणून असेल पण त्यांना ते फार आवडलं.

तर विषय असा आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे खरं, पण वर्षाला ५००० रुपयांच्या वर गेलं की 'सहज' म्हणजे आयटीआर-१ हा रिटर्नचा सोपा फॉर्म चालतच नाही, आयटीआर-२ हा मोठा फॉर्म भरावा लागतो. आणि ते उत्पन्न बाकीच्या उत्पन्नावरचा टॅक्सचा दर ठरवायला धरतात. बाबांचं २०२४-२५ चं पेन्शन आणि व्याज मिळून, ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन म्हणजे सरसकट वजावट जाऊन, करपात्र झाले ७ लाख ४० हजार. आंब्याचे फवारणी, खत, राखणदार, पेट्या, गाडीभाडं सगळं वजा करून बाबांच्या वाट्याला राहिले २ लाख (सातबारा सामायिक आहे, मुंबईच्या काकांचा वाटा त्यांनी त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवायचा). दोन्ही मिळून ९ लाख ४० हजारांवर त्या वर्षीच्या दरांनी टॅक्स ४४ हजार, त्यातून आंब्याचे २ लाख आणि तेव्हाची ३ लाखांची करमुक्त मूळ मर्यादा म्हणजे ५ लाखांवरचा १० हजार वजा केला, राहिले ३४ हजार. आंबा लपवला असता तर २४ हजार. त्या टॅक्सवर ४ टक्के सेस म्हणजे उपकर. टॅक्स मोजायच्या दोन पद्धती आहेत, हा हिशोब नवीनचा, जुन्या पद्धतीनेपण मांडून दाखवलं, नवीनच परवडत होती.

काकू आंबापोळी आणि आटवलेला रस विकते त्याचंपण मी विचारून घेतलं, ते शेतीत येत नाही, तो धंदा. होमस्टेचंपण तसंच, आणि होमस्टेवाल्याची बाग असेल तर छोट्या धंदेवाल्यांचा 'सुगम' (आयटीआर-४) फॉर्मसुद्धा चालत नाही, तिथेही तीच ५००० ची अट आहे. गणपतीपुळ्याकडच्या लोकांनी हे नक्की बघा.

दुसरं जे निघालं त्याने मात्र मला खरंच भीती वाटली. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर बाबांच्या खात्याला ईमेल आणि मोबाईल आधीच्या माणसाचा होता! म्हणजे नोटीस आली असती तर त्याच्याकडे गेली असती आणि आम्हाला कळलंपण नसतं. मॅडमनी आधार ओटीपीने लॉगिन करून दोन्ही बदलले, पासवर्ड बाबांना स्वतःच टाईप करायला लावला आणि वहीत लिहून घ्या म्हणाल्या, स्वतःकडे ठेवला नाही. मागच्या वर्षी आंबा न दाखवल्याची चूक अपडेटेड म्हणजे सुधारित माहितीच्या रिटर्नने दुरुस्त होते, जादा टॅक्स आणि व्याजावर अजून २५ टक्के भरून, आणि उशीर केला तर हे प्रमाण वाढत जातं. बाबा लगेच म्हणाले भरून टाकूया.

फी १२०० घेतली, पावती दिली. ई-व्हेरिफिकेशन म्हणजे रिटर्न आपलाच आहे ही ओटीपीने खात्री देणं, तेपण तिथेच बसून करून घेतलं कारण ते ३० दिवसांत झालं नाही तर रिटर्न भरल्याची तारीख धरत नाहीत.

अर्धा स्टार जिन्यासाठी आणि वेळेसाठी. ऑफिस पहिल्या मजल्यावर, जिना उभा, कठडा एकाच बाजूला, पावसात पायऱ्या निसरड्या, ७० च्या पुढची माणसं कशी चढणार? नंबर लावायची सोय नाही, अडीच तास थांबलो. फोन तर उचलतच नाहीत.

मला अजून एक लिहायचंय. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन नवीन आयकर कायदा लागू, कायद्याची कलमं ८१९ वरून ५३६ झालीत, भाषा सोपी केलीय, चांगलंच आहे. आणि २०२५-२६ च्या उत्पन्नापासून नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंत रिबेट म्हणजे टॅक्सची माफी, त्यामुळे बाबांचा टॅक्सपण शून्य होतो. पण मॅडमना विचारलं की मग 'सहज' फॉर्म भरता येईल का, तर नाही, ५००० ची अट असेपर्यंत आयटीआर-२ च. टॅक्स शून्य आणि फॉर्म तोच मोठा. अहो, हंगामाच्या सुरुवातीला वाशीला एका पेटीलासुद्धा कधीकधी तेवढे मिळतात! ही मर्यादा वाढवली तर कोकणातल्या कितीतरी पेन्शनर लोकांना स्वतःचा रिटर्न स्वतः भरता येईल, बाबांना तर नक्की येईल.

जाताना सकाळी साडेनऊलाच पोचा. फॉर्म १६, बँकेबरोबर पतपेढीच्या व्याजाचापण दाखला, सातबारा, दलालाच्या सगळ्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या) आणि खर्चाच्या पावत्या घेऊन जा. आधारला जोडलेला मोबाईल चार्ज करून न्या, आम्हाला त्यासाठी मधेच चार्जर शोधत बाजारात फिरावं लागलं.