जेल घट्ट करायला कार्बोमर की झँथन गम?
ठाण्यात घरगुती पातळीवर कोरफडीचं जेल बनवणाऱ्या मैत्रिणी हे हमखास विचारतात. पारदर्शक, हलकं जेल हवं असेल तर माझा कौल कार्बोमरला.

हा ॲक्रिलिक आम्लाचा कृत्रिम पॉलिमर. पाण्यात भुरभुरला की आधी नुसतं पातळ, धुरकट, आम्लधर्मी द्रावण दिसतं. त्यात कॉस्टिक सोड्याचं सौम्य द्रावण थेंबाथेंबाने घातलं की रेणूंच्या साखळ्या एकमेकींना ढकलत उलगडतात आणि डोळ्यांदेखत काचेसारखं जेल तयार होतं. 0.5 टक्केही पुरतो. मिठाशी मात्र त्याचं वाकडं. घामातले क्षार लागताच जेल मोडून पाणी सुटतं. मे महिन्यात घोडबंदर रोडवर बसची वाट बघताना तेच गार वाटतं. क्षार बरणीतच जास्त झाले, तर अख्खा घाणा पातळ!

झँथन गम जिवाणूंच्या आंबवणातून मिळतो. मीठ, आम्ल दोन्ही सोसतो, सोडा लागत नाही. आम्लयुक्त सीरमला तोच घ्यावा. पण जरा जास्त पडला की बोटाला तार सुटते, आपल्या दमट हवेत चिकचिकही होते.

सोडा हाताळताना हातमोजे घालाच, आणि पीएच पट्टीवर 5.5 ते 6 दिसलं की थांबा.