छोटा वाह घ्यायचाय? क्रायबेबी मिनी, सोल प्रेस आणि मॉर्ले 20/20

वाह म्हणजे पायाने फळी हलवून गिटारचा आवाज ‘वा-वा’ असा उघडमीट करणारं पेडल. आधी एक प्रश्न. तुमच्याकडे झूम जी1एक्स फोरसारखा फळीवाला प्रोसेसर (एकाच डबीत अनेक इफेक्ट देणारं यंत्र) आहे का? आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांमध्ये बऱ्याच गिटारवाल्यांकडे असतो. असेल तर त्यात वाह आहेच. तो महिनाभर मन लावून वाजवा. त्यात मन भरलं नाही, तरच पुढचं वाचा.

पेडल छोटं झालं म्हणून आवाज छोटा होत नाही. वाहचं सर्किट 1960च्या दशकात बनलं आणि आजही बहुतेक पेडलांत मूळचंच आहे: एक इंडक्टर (तारेचं वेटोळं), एक पॉट (व्हॉल्यूमच्या बटणाखाली असतो तसला फिरणारा भाग), दोन ट्रान्झिस्टर. फळी दाबली की दातेरी पट्टी पॉट फिरवते आणि फिल्टरचा उंचवटा, म्हणजे ज्या स्वरांना उठाव मिळतो ती जागा, साधारण 400 हर्ट्झपासून 2 किलोहर्ट्झच्या आसपास वर सरकतो. एवढा ऐवज मुठीएवढ्या डबीतही मावतो. कमी होते ती फळीची लांबी, आणि वाजवणाऱ्याला तीच जाणवते. मोठ्या फळीवर पाऊल सावकाश झुकवून मधली जागा पकडता येते. छोटीवर तेवढाच प्रवास बोटभर अंतरात संपतो, त्यामुळे नवख्याचा वाह एकतर पूर्ण बंद तरी ऐकू येतो नाहीतर पूर्ण उघडा. पाय नऊ-दहा नंबरचा असेल तर टाच बाहेर लोंबकळते. आणि हो, कोल्हापुरी चप्पल घालून छोटा वाह वाजवू नका. चामड्याचा तळ सटकतो आणि चवड्याखाली काय चाललंय ते कळत नाही. कॅनव्हासचे बूट घाला, नाहीतर सरळ अनवाणी.

डनलॉपचा क्रायबेबी मिनी, म्हणजे सीबीएम-95, ओळखीच्या क्रायबेबीचाच आवाज देतो. आत लाल फेझल इंडक्टर आहे आणि तीन आवाजांचा एक स्विच: खालचा, जुन्या धाटणीचा आणि मोठ्या क्रायबेबीसारखा, म्हणजे जीसीबी-95सारखा. स्विच आतल्या बाजूला असल्यामुळे खालचं झाकण उघडावं लागतं, म्हणून घरीच एकदा ठरवा आणि विसरा. सोलोसाठी डिस्टॉर्शनच्या आधी लावलात तर जीसीबी-95चा आवाज चांगला घुसतो. फंकच्या ऱ्हिदमला मला जुन्या धाटणीचा बरा वाटतो. ट्रू बायपास असल्याने बंद असताना हा सिग्नल खात नाही. चालू करायला मात्र चवडा जोरात दाबून टोकाचा स्विच वाजवावा लागतो. मॅटिंगवर ठेवलेलं हलकं पेडल त्या दणक्याला पुढे पळतं. मोठा क्रायबेबी दीड किलोच्या वर असतो, तो जागचा हलत नाही. मिनी घ्याल तर खाली वेल्क्रो आणि पेडलं बसवायचा बोर्ड हवाच.

हॉटोनचा सोल प्रेस वेगळ्या गिऱ्हाइकासाठी आहे. एकाच फळीत वाह, व्हॉल्यूम आणि एक्स्प्रेशन (प्रोसेसरमधला इफेक्ट पायाने कमी-जास्त करणं). ज्याच्याकडे फळी नसलेला प्रोसेसर आहे, त्याच्या दृष्टीने एका पैशात तीन कामं. लग्नाच्या कार्यक्रमात गायक मध्येच बोलायला लागला की गिटार हळूच खाली न्यायची असते. तिथे व्हॉल्यूमची फळी वाहपेक्षा जास्त उपयोगी पडते. अडचण अशी की एका वेळी एकच काम होतं. गाण्याच्या मधोमध खाली वाकून वाहवरून व्हॉल्यूमवर जाणं जमत नाही. वाहचा आवाज कामापुरता चांगला आहे. त्याची गोडी क्रायबेबीच्या पातळीची मला वाटत नाही.

आता मॉर्ले 20/20, म्हणजे त्या मालिकेतला बॅड हॉर्सी. दातेरी पट्टी-पॉट हा प्रकार यात नाहीच. फळी प्रकाश अडवते-सोडते आणि त्यावर फिल्टर चालतो. इथल्या गिटारवाल्याने याकडे नीट बघावं असं मला वाटतं, कारण आपले कार्यक्रम धुळीतले. गावच्या जत्रेत, गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर, जोतिबाच्या बाजूला तर गुलाल. ती बारीक पूड पॉटमध्ये गेली की फळी हलवताना खरखर सुरू होते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला की काही दिवस निभतं, मग पॉटच बदलावा लागतो. कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा साधा 100 किलोओहमचा पॉट इथे चालत नाही. वाहच्या पॉटचा चढ वेगळा असतो आणि दांड्यावर दातेरी चाक बसावं लागतं, म्हणजे तो मागवणं आलं. मॉर्लेत हा ताप मुळातच नाही.

चालू-बंद करायचा स्विचही यात नाही. पाय ठेवला की वाह सुरू, उचलला की स्प्रिंगने फळी वर येते आणि बंद. अंधाऱ्या स्टेजवर चवडा शोधत बसायला नको. पण फळी अर्ध्यावर अडकवून पाय काढायचा आणि त्या नाकातल्या स्वरात अख्खा सोलो वाजवायचा, ही ज्यांची सवय आहे त्यांना मॉर्ले चालणार नाही. त्यात बफर (सिग्नलला जोर देणारं सर्किट) असल्याने वायर लांब असली तरी आवाज मरत नाही. फक्त वाहनंतर जुन्या जातीचा फझ (आवाज फाटका करणारं पेडल) जोडला असेल तर बफरमुळे तो रुसतो, चिरका वाजतो. तीनही पेडलांत मॉर्ले सर्वांत मोठा आहे, हे मात्र खरं.

याशिवाय बॉसचा पीडब्ल्यू-3 आहे, साधा आणि बुटका. एक्झॉटिकच्या एक्सडब्ल्यू-1मध्ये आवाज बारकाईने लावायला चार बटणं आहेत, पण किंमत बघून बहुतेक जण पुढे सरकतील, आणि ऑर्केस्ट्रात मागे ढोलकी, पॅड आणि कीबोर्ड असताना तो बारकावा कुणाला ऐकू येणार?

‘मिनी म्हणजे स्वस्त’ या भ्रमात राहू नका. मोठा जीसीबी-95 अनेकदा मिनीच्या आसपासच पडतो. गाडी चारचाकी असेल, बोर्डवर जागा असेल, तर मोठाच घ्या, शिकायलाही तो सोपा. दुचाकीवर गिटारच्या बॅगेच्या खिशात मावायला हवा असेल आणि वाह गाण्यात चार ठिकाणीच लागत असेल तर मिनी. फक्त प्रोसेसरला फळी हवी असेल तर सोल प्रेस. आठवड्याला दोन-तीन बाहेरगावचे कार्यक्रम असतील तर मी मॉर्ले घेईन.

कोणताही घ्या, अडॅप्टर वेगळा घ्या: 9 व्होल्ट, मधल्या पिनेला वजा. कीबोर्डवाल्याकडचा उसना घेऊ नका. यामाहाच्या बऱ्याच कीबोर्डांचा अडॅप्टर 12 व्होल्टचा आणि मध्ये अधिक असतो. पिन बसली म्हणून तो लावलात तर पेडल तिथेच जाऊ शकतं.