‘पी’मध्ये अडकलेली गाडी आणि शिफ्ट लॉकची खाच : काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या सीव्हीटी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा एक प्रकार) गाडीचे मायलेज, डिकी, एसी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात मला भर घालायची नाही. गाडी चालवायला हलकी आहे, शहरात पेट्रोल थोडे जास्त पिते, एवढे सांगून तो विषय संपवते. मला लिहायचे आहे ते गिअर लिव्हरशेजारच्या नखाएवढ्या प्लास्टिकच्या झाकणाविषयी, कारण त्याखालच्या खाचेने माझे बरेच पैसे वाचवले, आणि गाडी ताब्यात देताना दाखवल्या गेलेल्या असंख्य गोष्टींत ही खाच मात्र नव्हती.

‘पी’ (पार्क) लावल्यावर गिअरबॉक्समध्ये एक लोखंडी खुंटी दातेरी चाकात जाऊन बसते आणि पुढची चाके जखडली जातात. लिव्हर तिथून चुकून निघू नये म्हणून त्यावर शिफ्ट लॉक असते आणि ते विजेवर सुटते : किल्ली ‘ऑन’वर, पाय ब्रेकवर, की कन्सोलमधून ‘टक’ असा बारीक आवाज येतो आणि लिव्हर मोकळा होतो. बॅटरी पूर्ण उतरली की हा ‘टक’ येत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये (‘एन’) घेता येत नाही. अशा वेळी हे लॉक हाताने सोडवण्यासाठी झाकणाखालची ती खाच असते. (आपल्याकडच्या बहुतेक एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर आपोआप चालणारा) गाड्यांना ‘पी’च नसतो, त्यामुळे त्यांच्या मालकांना यातले फारसे लागू नाही.)

पावसाळ्यात सोसायटीच्या एकामागे एक गाड्या लावाव्या लागणाऱ्या पार्किंगमध्ये माझी बॅटरी उतरली आणि शेजाऱ्यांची गाडी आत अडकली. मदतवाहिनीचा माणूस दुपारपर्यंत येणार नव्हता, म्हणून मॅन्युअल उघडले. हँडब्रेक घट्ट ओढायचा, चाकाला दगड लावायचा, चपट्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला फडके गुंडाळून झाकण उचकटायचे, ब्रेकवर पाय ठेवून खाचेत किल्ली दाबून धरायची आणि त्याच वेळी लिव्हरचे बटण दाबून लिव्हर ‘एन’वर आणायचा. वेळ लागला तो झाकण निघायला; पुढचे सगळे एका दमात झाले. स्टिअरिंगचे कुलूप सुटलेले राहावे म्हणून किल्ली नंतर परत लावून फिरवून ठेवली, हँडब्रेक सोडला आणि गाडी हाताने ढकलून बाजूला घेतली.

त्या दिवशी माझे मत असे झाले की इतकी उपयोगी वस्तू इतकी लपवून ठेवणे हा आरेखनातला दोष आहे. फडके गुंडाळूनही कन्सोलवर ओरखडा उठला, त्याचा राग वेगळाच. पुढे वाचत गेल्यावर हे मत मला बदलावे लागले. १९८०च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० ही गाडी आपोआप वेग घेते अशा तक्रारी आल्या, तेव्हा ब्रेक दाबल्याशिवाय ‘पी’ सुटू नये ही व्यवस्था तिच्यात बसवली गेली, आणि २०१०पासून तिथे हलक्या वाहनांना ती कायद्याने सक्तीची आहे. एकटे गाडीत बसलेले मूल लिव्हर ओढू शकते, हे त्यामागचे एक मोठे कारण. म्हणजे खाच सहज हाताशी असती तर कुलपाचा अर्थच उरला नसता. झाकण घट्ट असावे हे आता मला मान्य आहे. त्याची माहिती कोणी देऊ नये हे अजूनही मान्य नाही.

खरा वाद झाला तो नंतर. साताऱ्याला एका कार्यालयाच्या आवारात इंजिन सुरू, एसी सुरू, पण लिव्हर ‘पी’मधून हलेना. बॅटरी उत्तम होती, तरी ‘टक’ येत नव्हता. कार्यालयाच्या वॉचमनना मागे उभे केले आणि ब्रेक दाबला, त्यांनी सांगितले, “ताई, मागचा दिवा लागत नाही.” ब्रेकचे दिवेही बंद आणि लॉकही सुटत नाही, म्हणजे पेडलजवळचा ब्रेक लाइट स्विच किंवा त्याचा फ्यूज, हे तिथेच उघड होते, कारण पाय ब्रेकवर आहे हे गाडीला त्या स्विचमुळेच कळते. फ्यूज शाबूत होता. खाचेतून गाडी न्यूट्रलमध्ये घेतली. ब्रेकचे दिवे नसताना महामार्गावर चालवत नेणे मला पटले नाही, म्हणून टोइंगवाल्याला बोलावले.

तो म्हणाला, “मॅडम, पट्टा लावून ओढत नेऊ, काही होत नाही.” होते. इंजिन बंद असले की गिअरबॉक्समधला तेलाचा पंप फिरत नाही, आणि पुढची चाके जमिनीवर फिरत राहिली तर आतले भाग पुरेशा तेलाविना घासतात. ‘एन’ हा गाडी फ्लॅटबेडवर (गाडी पाठीवर घेऊन जाणाऱ्या सपाट ट्रकवर) चढवण्यापुरता किंवा जागच्या जागी हलवण्यापुरता. फ्लॅटबेडचे जादा पैसे मी हिशेबी असूनही दिले, कारण गिअरबॉक्सचा खर्च त्याच्या कित्येक पट आहे.

सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र गाडी न उघडताच मला गिअर लिव्हरची संपूर्ण असेंब्ली बदलण्याचे एस्टिमेट देण्यात आले. मी ब्रेक दाबून दिवे लागत नसल्याचे सल्लागारांना मागे उभे करून दाखवले, आधी स्विच बदला आणि मगच पुढचे बोला, असे लेखी जॉबकार्डवर लिहून घेतले. स्विच बदलताच ‘टक’ परत आला. असेंब्लीच्या रकमेसमोर स्विचची किंमत चिल्लर म्हणावी इतकी होती, आणि तरीही ‘तपासणी शुल्क’ लावले गेले, ते मी भांडून बिलातून काढायला लावले.

आता घरात दुसरी गाडी घ्यायची आहे आणि पसंतीच्या मॉडेलमध्ये लिव्हरऐवजी गिअर निवडायचा इलेक्ट्रॉनिक खटका आहे, हँडब्रेकही बटणाचा. अशा काही गाड्यांत ‘पी’ हाताने सोडवायची केबल कन्सोलखाली असते, काहींत बाहेरून १२ व्होल्टचा पुरवठा दिल्याशिवाय इलाज नसतो. शोरूममध्ये मी एवढेच विचारले आहे की या गाडीत यांपैकी काय आहे ते मॅन्युअलचे पान उघडून दाखवा. ते पान दाखवेपर्यंत बुकिंगची रक्कम भरणार नाही.