परंड्याची तोफ बघायला विजापूरला: दोन दिवस, बाराशे पंधरा रुपये

मी मूळची परंड्याची, शिकायला सोलापुरात. आमच्या किल्ल्यात लहानपणापासून फिरलेय. तिथल्या तोफांवर हात फिरवताना आबा दर वेळी एकच सांगायचे, 'ह्या राहिल्या त्या. खरी मोठी विजापूरला नेली.' सोलापूरपासून विजापूर शंभर किलोमीटर. दोन वर्षं हॉस्टेलवर राहून मी ती तोफ बघितली नव्हती. डिसेंबरात शनिवार-रविवार मोकळा मिळाला तशी रूममेट भाग्यश्रीला घेऊन निघाले. ती अक्कलकोटची, घरात कन्नड बोलणारी. तिच्यामुळे किती पैसे वाचले ते पुढे येईलच.

पहाटेची एसटी पकडली, तिकीट साधारण दीडशे. टाकळीचा भीमेचा पूल ओलांडला की दुकानांच्या पाट्या कन्नड होतात आणि कंडक्टरची भाषाही बदलते. मुलींनो, एक लक्षात ठेवा. कर्नाटकात बसमध्ये बायकांना फुकट प्रवास आहे, पण तो तिथल्या रहिवाशांना. सिटी बसमध्ये आमच्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता दिसला आणि लगेच तिकीट फाडलं गेलं. रेल्वेचाही पर्याय आहे. स्टेशन गोल घुमटाच्या बाजूलाच पडतं, त्यामुळे वेळ जुळत असेल तर गाडीच बरी.

लॉज स्टँडजवळ घेतला, दोघींत सातशे. खोली स्वच्छ, कडी पक्की, खाली कायम माणूस बसलेला. मुलींसाठी हे महत्त्वाचं, म्हणून आधी लिहिलं. पण 'चोवीस तास गरम पाणी' असं सांगून सकाळी एक बादली हातात दिली, तीही दोनदा खाली जाऊन मागितल्यावर. निघताना अर्ध्या दिवसाचं जास्तीचं भाडं मागितलं. येताना वेळ लिहून घेतली होती चोवीस तासांची. भाग्यश्रीने कन्नडमध्ये वही उघडायला लावली तेव्हा विषय मिटला. तुम्ही गेलात तर चेक-आउटची वेळ पावतीवर लिहून घ्या.

सामान टाकून आधी गेलो शेरझा बुरुजावर, तोफ तिथेच आहे. लोक गोल घुमटापासून सुरुवात करतात, मला तेवढा धीर नव्हता.

मलिक-ए-मैदान, हे त्या तोफेचं नाव. तोंडाशी सिंहाचा जबडा, आणि त्याच्या दातांत चिरडलेला हत्ती. आबांनी हत्तीचं कधी सांगितलं नव्हतं. इतका बारीक कोरलाय की वाकून, डोकं तिरकं करून बघावं लागतं. बोटाच्या पेराने हळूच टकटक केलं तर घंटेसारखा आवाज निघाला आणि बराच वेळ रेंगाळला. बाराचं ऊन होतं, बुरुजाचा दगड तापला होता, पण तोफ हाताला गार. लांबी साडेचार मीटरच्या आतबाहेर, वजन सुमारे ५५ टन. १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मुहम्मद बिन हसन रूमी याने निजामशाहीसाठी ती ओतली. पुढे ती आमच्या परंड्याला आली आणि १६३२ मध्ये आदिलशाहीने विजापूरला आणली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. आमच्या गावाहून इथवर एसटीनेही अर्धा दिवस जातो, वाटेत भीमा. पंचावन्न टन पाण्यातून कसे उतरवले असतील, हे मी तिथे उभी राहून विचारत राहिले. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं, त्याचा लेखही तोफेवर आहे. आणि इंग्रजांच्या काळात, १८५४ ला, हिचा लिलाव पुकारला तेव्हा बोली आली दीडशे रुपयांची! नशीब, तो सौदा रद्द झाला. दीडशे म्हणजे माझं एका बाजूचं तिकीट.

ही जागा फुकट आहे. पण तिथे माहिती देणारं कुणी नव्हतं आणि बहुतेक मंडळी तोफेला टेकून फोटो काढून पाच मिनिटांत उतरत होती. हे मला लागलं. आम्ही तासभर बसलो.

तिथून चालतच इब्राहिम रोजा. तिकीट पंचवीस. एका चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मध्ये हौद. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं काम, १६२६ मध्ये पुरं झालेलं. मला विचाराल तर विजापुरातली सगळ्यात देखणी इमारत हीच, गोल घुमटही नंतर. खिडक्यांच्या जाळ्या म्हणजे नक्षी नाही, अक्षरं आहेत. दगडात अक्षरं आरपार कोरलीत आणि त्यातून उजेड आत येतो. दुपारी चारनंतर जा, गर्दी पांगते.

जेवण लिंगायत खानावळीत. कडक ज्वारीची रोट्टी, एण्णेगायी म्हणजे तिथली भरली वांगी, अंबाडीची पुंडी पल्ल्या, दही आणि शेंगाचटणी. सोलापुरात राहून शेंगाचटणी खाते, म्हणून सांगते, ही जरा भरड होती आणि लसूण जास्त. मला आवडली. भाजी पुन्हा वाढतात, विचारायची गरज नाही. दोन दिवसांचं खाणं मिळून माणशी तीनशे ऐंशी झाले.

रविवारी गोल घुमट. पावणेसातला दारात होतो, आणि हे मी हट्टाने सांगेन: सकाळीच जा. कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्यातून अरुंद जिना वर जातो, दम लागतो. वर घुमटाच्या आत गोल सज्जा आहे. मी भिंतीला कान लावून बसले. भाग्यश्री समोरच्या टोकाला, एवढीशी दिसत होती. तिने भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं, 'ऊटा आयता?' म्हणजे जेवण झालं का, आणि ते माझ्या कानाशी आलं, जणू ती शेजारी बसलीय. मधे एकही खांब नाही. खाली महंमद आदिलशहाची कबर, तो गेला १६५६ ला. नऊला सहली आल्या आणि शिट्ट्या-किंकाळ्या सुरू झाल्या, मग कुजबुज ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. एवढ्या लांबून येऊन फक्त स्वतःच्या आरोळीचा प्रतिध्वनी ऐकून जाणाऱ्या मुलांबद्दल वाईट वाटलं. शिक्षकांनी दोन मिनिटं शांत बसवलं असतं तरी पुरे होतं. आवारातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

बारा कमान आणि जामा मशीद परतीच्या वाटेवर घाईत झाली, त्यांच्यासाठी पुन्हा जाईन. टांग्याने फिरलो, भाडं भाग्यश्रीने ठरवलं. मला मराठीत सांगितलेल्या आकड्याच्या जवळपास निम्मं. टांगा आणि सिटी बस मिळून माणशी एकशे तीस. जाण्या-येण्याचे तीनशे, लॉज साडेतीनशे, सगळी तिकिटं पंचावन्न. एकूण बाराशे पंधरा.

बुरुजावरूनच आबांना व्हिडिओ कॉल केला होता. त्यांनी फोन तोफेच्या तोंडापाशी न्यायला लावला, मग टकटक करायला लावली, दोनदा. फेब्रुवारीत त्यांना घेऊन जाणार आहे. गोल घुमटाचा जिना त्यांच्या गुडघ्यांना जमणार नाही, पण शेरझा बुरुजावर मी त्यांना हात धरून चढवेन.