बकरीच्या पिल्लांसाठीचं लाल-पिवळं निपल: छोट्या कळपाला घ्यावं का?

प्रिचर्ड निपल या नावानं मिळणारी ही वस्तू दिसायला किरकोळ आहे. वर लाल, मऊ रबराचं लांबट बोंड, खाली पिवळं प्लास्टिकचं बूड आणि त्या बुडात हवा आत घेणारी बारीकशी झडप. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीवर आटे फिरवून बसवायची आणि पाजायला लागायचं. नागपुरात जनावरांच्या औषधांच्या दुकानात ती दरवेळी असेलच असं नाही, ऑनलाइन मात्र मिळते. माणसाच्या बाळाच्या निपलपेक्षा महाग पडते, तरी दहा-पंधरा बकऱ्या पाळणाऱ्यानं बकऱ्या व्यायच्या आधीच दोन आणून ठेवावीत. एक वापरात आणि एक कोरी. रात्री दोन वाजता तिसरं पिल्लू पडलं की दुकान उघडं नसतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आईखाली नीट पिणाऱ्या पिल्लाला हौसेनं बाटली लावू नये. आपल्याकडची बेरारी बकरी दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास दूध देते, त्यात दोन पिल्लं निभतात. तिळं झालं, बकरी मेली, कासदाह (कासेला सूज) झाला किंवा पहिलटकरीण पिल्लाला जवळच घेईना, तर बाटली लागते. तेवढ्यासाठी मात्र हे निपल खरंच चांगलं आहे.

त्याची मुख्य खुबी त्या झडपेत आहे. साध्या निपलनं पिताना बाटलीत हवा जात नाही, बाटली आत चेपते आणि पिल्लू ओढून ओढून थकतं. मग पाजणारा बाटली दाबतो. सगळ्यात मोठा घात तिथेच होतो. दाबलेलं दूध पिल्लाच्या गिळण्याच्या वेगापुढे जातं, श्वासनळीत उतरतं आणि पुढे न्यूमोनिया होतो. बाटली कधीच दाबू नये. झडप चालू असेल तर दाबायची गरजही पडत नाही.

दुसरी खुबी बोंडाच्या आकारात आहे. ते बारीक आणि लांबट असल्यानं दोन किलोच्या पिल्लाच्याही तोंडात बसतं आणि ते चोखत चोखत पितं. चोखण्याला फार महत्त्व आहे. चोखताना अन्ननलिकेच्या टोकाची पन्हळ मिटून नळीसारखी होते आणि दूध थेट चार पोटांपैकी चौथ्या पोटात, म्हणजे पचायच्या जागी जातं. घटाघटा प्यायलं तर ते पहिल्या पोटात सांडतं, तिथे आंबतं आणि पोट फुगतं. म्हणून बाटली आईच्या सडांच्या उंचीला धरावी, पिल्लू चार पायांवर उभं असावं आणि हनुवटी जराशी वर असावी. मांडीवर उताणं घेऊन पाजू नये.

नवीन निपलचं टोक बंद असतं, ते आपल्यालाच कापावं लागतं. घेणारे बहुतेक जण इथेच घाई करतात. कात्रीनं टोकाचा अगदी बारीक तुकडा काढावा, पाणी भरून बाटली उलटी धरावी. थेंब-थेंब पडलं तर ठीक, धार लागली तर ते निपल लहान पिल्लासाठी गेलं. अजिबात थेंब नाही आला तर आणखी केसभर कापावं. वाढवलेलं भोक लहान करता येत नाही. मोठ्या भोकाचं झालेलं निपल टाकू नका, महिनाभराच्या दणकट पिल्लाला ते चालतं.

आता उणिवा. दुधाची साय झडपेत अडकते, आणि ती बंद पडली की या निपलमध्ये आणि साध्यात काही फरक उरत नाही. पाजून झालं की लगेच लाल आणि पिवळा भाग वेगळे करून आधी गार पाण्यानं धुवावेत, नंतर गरम पाणी आणि साबण. आधीच गरम पाणी ओतलं तर दुधातलं प्रथिन तिथेच चिकटून बसतं. रबर रोज उकळू नये. ते सैल पडतं आणि भोक मोठं होतं. दुसरी उणीव आट्यांची. आखूड मानेच्या बाटल्यांवर पकड नीट बसत नाही, दूध गळतं, कधी पाजताना पूर्ण निपल निघून येतं. नवीन बाटलीवर पाणी भरून, उलटी करून, हलवून बघितल्याशिवाय पाजू नये. तिसरी उणीव आपल्या उन्हाची. मे महिन्यात कोठ्याच्या पत्र्यावर वाळत टाकलेलं रबर लवकर चिकट होतं, मग त्याला चिरा पडतात. सावलीत वाळवून डब्यात ठेवावं. तीन-चार आठवड्यांचं पिल्लू बोंड चावतं, टोक तुटून पोटात जाऊ शकतं. दरवेळी पाजण्याआधी बोंड ओढून बघायला दोन क्षण पुरतात.

निपल कितीही चांगलं असलं तरी थंड पडलेल्या पिल्लाला ते लावू नये. तोंडात बोट घालून बघा. तोंड गार असेल, चोखत नसेल, तर आधी थर्मामीटर लावा. निरोगी पिल्लाचं तापमान १०२ ते १०३ फॅरनहाइटच्या घरात असतं. १०० च्या खाली असेल तर आधी कोरडं करून ऊब द्यायची, मग दूध. तरीही चोखलं नाही तर नळीनं पाजावं लागतं, आणि ते काम पशुवैद्यकाकडून समोरासमोर शिकून घ्यावं. नागपूरकरांना सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना जवळ आहे.

पहिलं पाजणं चिकाचं, तेही तासाभरात. चोवीस तासांत वजनाच्या किमान दहा टक्के, म्हणजे दोन किलोच्या पिल्लाला निदान २०० मिली, थोडा थोडा करून. नंतर वजनाच्या पंधरा टक्क्यांचा हिशेब धरला तर दिवसाला ३०० मिली होतात, ते चार वेळांत वाटावेत. दूध मनगटावर कोमट लागेल इतकंच गरम असावं. बकरीचं दूध नसेल तर गाईचं निर्भेळ दूध द्यावं, टोन्ड पिशवीचं नको. म्हशीचं दूध लहान पिल्लाला जड जातं आणि हगवण लागते. उरलेलं दूध उन्हाळ्यात पुढच्या वेळेसाठी बाटलीत ठेवू नये.

पंधराव्या दिवसापासून कोवळा पाला समोर टांगावा. सुबाभूळ, बोर, बाभूळ, जे असेल ते. सोबत तुरीचं बारीक कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणि मूठभर भरडा (जाडसर दळलेलं धान्य). बाटलीवरचं पिल्लू माणसाकडेच बघत बसतं, त्याला दुसऱ्या पिल्लांसोबत ठेवलं तरच ते चरायला शिकतं.

बाटलीवर वाढलेली पिल्लं विकायची किंवा द्यायची म्हटलं की शहरातून मागणी येते ती अगदी लहानाची, मुलांना खेळायला म्हणून. अशी पिल्लं दूध तुटण्याआधी देऊ नयेत. नव्या घरी दुधाचा प्रकार बदलतो, वेळा चुकतात, निपल वेगळं असतं, आणि आठवडाभरात हगवणीनं पिल्लू जातं. साधारण तीन महिने पूर्ण, वजन आठ-नऊ किलो, रवंथ करताना दिसतं आणि पाला-भरडा पोटभर खातं, तेव्हा दहा-बारा दिवसांत दूध हळूहळू कमी करून तोडावं. जाणत्या पाळणाऱ्याला त्याआधी द्यावंच लागलं, तर सवयीचं निपल बाटलीसकट सोबत द्यावं. एका आकाराला सरावलेलं पिल्लू दुसरं बोंड तोंडात धरत नाही.

पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस तीन महिन्यांनंतर द्यायची आणि निदान दोन-तीन आठवडे थांबून मग पिल्लू हलवायचं, म्हणजे प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस आणि तिचा दुसरा डोसही तोवर उरकून घ्यावा. कानात ओळखक्रमांकाचा बारा आकडी बिल्ला असावा. बाटलीवरचा नर माणसाला भीत नाही, मोठा झाला की लहान मुलांना ढुशा देतो. पैदाशीसाठी नसेल तर त्याचं खच्चीकरण करूनच द्यावं. एकटं पिल्लू देण्यापेक्षा जोडी द्यावी, एकटं रात्रभर ओरडतं आणि खात नाही.

घेणाऱ्याच्या हातात एक कागद द्यावा: जन्मतारीख, आजचं वजन, जंताच्या औषधाचं नाव आणि तारीख, लसी, रोजचं खाणं. सोबत सवयीचा चार-पाच किलो भरडा, तो आठवडाभर नव्या खाण्यात मिसळत न्यायचा. उन्हाळ्यात पहाटेच निघावं, खाली तणस अंथरलेलं असावं, पाय बांधून दुचाकीवर नेऊ देऊ नये. पोचल्यावर आधी पाणी आणि ओळखीचा पाला. सरकी ढेप किंवा चुनी पहिल्या दिवशी पोटभर घालू नये, दमलेल्या पिल्लाला आंत्रविषार होण्याचा धोका तेव्हाच जास्त असतो.