पिवळी गाडी, ट्रॅक्टर आणि चार पंचायतींची गाडी : इंदूरच्या वेशीवरून

आयुष्य इंदूरच्या रामबागेत गेलं आणि दोन वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टापायी धार रोडच्या पुढे रो-हाउसमध्ये राहायला आलो. घर मोठं, हवा चांगली, समोर गव्हाची शेतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी सौ. ओल्या कचऱ्याचा डबा घेऊन फाटकात उभी. साडेसात झाले, आठ झाले, गाडी काही येईना. शेवटी शेजारच्या काकूंनाच दया आली. "अहो, नगर निगमची, म्हणजे महापालिकेची गाडी इकडे नाही येत. त्यांची हद्द त्या डीपीपाशी संपते."

रस्त्यापलीकडची कॉलनी शहरात, आमची ग्रामपंचायतीत. मध्ये वीस-बावीस फूट डांबर. आजवर तीन कचरागाड्यांशी संबंध आला, त्या तिन्हींचा हिशोब इथे मांडतो. बँकेत हिशोब तपासण्यातच जन्म गेला, सवय जात नाही.

पहिली रामबागेतली पिवळी गाडी. तिच्याबद्दल देशभर लिहून झालंय. २०१७पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग सात वेळा पहिला नंबर, सातव्यांदा सुरतेबरोबर वाटून. पण नंबरात न दिसणारं सांगतो. गाडीला ओल्या-सुक्याचे वेगळे कप्पे, शिवाय डायपर-पॅड, जुनी औषधं, सेल-बल्ब यांची वेगळी सोय. आमच्या गल्लीतला मदतनीस पोरगा डबा ओतण्याआधी जरा हलवून बघायचा आणि आवाजावरूनच आत काय आहे ते ओळखायचा. एकदा माझ्या ओल्या डब्यातून त्यानं गोळ्यांची रिकामी पट्टी काढली, पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. "काका, ये आपकी बीपी की है, इसको उधर." सगळ्या गल्लीसमोर! तेव्हापासून आजतागायत पट्टी चुकीच्या डब्यात गेली नाही. गाडीवरच्या गाण्याबद्दल मत विचारू नका, नातवाला ते शुभंकरोतीच्या आधी पाठ झालं होतं.

हे ओल्या-सुक्याचं सोवळं एवढं कडक का, ते इंदूरजवळच्या देवगुराडियाला जाऊन कळलं. आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटाची तिथे सहल गेली होती. (हो, इंदूरची माणसं कचरा बघायला सहलीला जातात. सोबत पोहे-जिलबी होती.) लहानपणी शिवरात्रीला तिथल्या महादेवाला जायचो. पुढे त्याच भागात कचऱ्याचे डोंगर उभे राहिले आणि नाक दाबून स्कूटर पळवावी लागायची. सुमारे १०० एकरांवर साचलेला तो जुना कचरा, १३ लाख टनांच्या आसपास, २०१८मध्ये यंत्रांनी चाळून मोकळा केला. आता तिथे झाडं आहेत.

शेजारी गोबरधन प्लांट. १९ फेब्रुवारी २०२२ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं, क्षमता रोजच्या ५५० टन ओल्या कचऱ्याची. कचरा दळून त्याचा लगदा करतात. तो बंद टाक्यांत हवेशिवाय कुजतो, गॅस निघतो, गॅस धुऊन दाबला की सीएनजी, त्यावर शहरातल्या बसगाड्या धावतात. उरलेल्या गाळाचं खत. आपल्या भाकरीच्या पिठात खडा आला तर दात दुखतो, तसं या टाक्यांच्या पोटात प्लास्टिक गेलं की सगळं अडतं. दाखवणाऱ्या मुलानं हे सांगितल्यावर मी बीपीच्या पट्टीबद्दल मनातल्या मनात माफी मागितली. प्लांट बांधायला निगमनं पदरचा पैसा घातला नाही, उलट कंपनीनं वर्षाला अडीच कोटी निगमला द्यायचे असा करार आहे. स्वच्छ वेगळा केलेला कचरा हा माल असतो, मिसळला की तोच बोजा, हा हिशोब मला तिथे पटला. पिवळ्या गाडीला पाचपैकी पाच स्टार.

दुसरी गाडी म्हणजे ट्रॅक्टर. आमच्या पंचायतीनं कुणा ठेकेदाराला दिलेला. आठवड्यातून दोनदा, तेही मनात आलं तर. दर घरी महिन्याला शंभर रुपये. आम्ही जुन्या सवयीनं तीन पिशव्या घेऊन जायचो, ड्रायव्हर तिन्ही एकाच ढिगावर भिरकावायचा. "अंकलजी, सब एक ही जगह जाना है." ती जागा म्हणजे नाल्याची कड, आणि संध्याकाळी तिथे धूर. दिवाळीनंतरच्या थंडीत तो धूर जमिनीलगत बसतो. सौ.चा खोकला महिनाभर हटला नाही. अर्धा स्टार, तोही ट्रॅक्टर निदान सुरू तरी व्हायचा म्हणून.

याच काळात आमच्या घरी तस्करी सुरू झाली. सौ. सकाळी फिरायला निघाली की हातात पिशवी, रस्ता ओलांडून पलीकडच्या कॉलनीच्या तोंडाशी उभी. मी विचारलं तर म्हणे, "रामबागेत इतकी वर्षं टॅक्स भरला ना आपण?" एकदा गाडीवरच्या बाईनं विचारलंच, "आंटी, मकान नंबर?" हिनं बेधडक त्या कॉलनीतल्या, फिरायला सोबत येणाऱ्या मैत्रिणीचा नंबर सांगितला. घरी येऊन दिवसभर अपराधी चेहरा करून बसली. विनातिकीट प्रवास तिनं आयुष्यात केला नव्हता.

आता तिसरी गाडी. गेल्या पावसाळ्यानंतर आजूबाजूच्या चार पंचायतींनी मिळून एक छोटी गाडी सुरू केली. बैठक शाळेच्या व्हरांड्यात झाली, मी कॉलनीतर्फे गेलो होतो आणि हिशोबाची वही आपोआप माझ्याकडे आली. एका पंचायतीला ड्रायव्हर, मदतनीस आणि डिझेल झेपत नाही, चौघांत वाटलं की झेपतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा होता, त्यामुळे पैसे नाहीत असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात प्लास्टिकसाठी विकासखंडामागे (ब्लॉकमागे) एक केंद्र धरलं होतं, १६ लाखांपर्यंत मदत. म्हणजे निदान प्लास्टिकसाठी तरी योजनाच अशी की गावांनी एकत्र यावं. मोठ्या प्रमाणावर हेच मध्य प्रदेशातल्याच रीवाकडे चाललंय, अनेक नगरपालिकांचा कचरा पहडियाच्या एका प्लांटला जातो. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांतही पाच लाखांखालच्या लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांनी एकत्र येऊन कचरा पुरायची सामायिक भराव-जागा करावी असंच सुचवलं होतं.

पैशांवर कुणी भांडलं नाही. भांडण झालं शेडवर. सुका कचरा निवडायची शेड कुठे बांधायची? गाडी सगळ्यांना हवी, शेड कुणालाच नको. दोन तास गेले. मला पुण्याची बहीण आठवली. हडपसरला तिच्याकडे गेलो की वाऱ्याबरोबर उरुळी-फुरसुंगीच्या डेपोचा वास यायचा. कचरा पुण्याचा, जमीन त्या गावांची. किती आंदोलनं झाली, २०१७मध्ये ती गावं पुणे महापालिकेत घेतली, मग पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. हे सगळं मी बैठकीत सांगितलं आणि लक्षात आलं की चूक झाली, ज्या गावात शेड होईलशी वाटत होती तिथले सरपंच उठून उभे राहिले. शेवटी एका वयस्क पंच बाईंनी तोडगा काढला : शेड ज्यांच्या गावात त्यांची वर्गणी निम्मी, आणि ओला कचरा शेडमध्ये आणायचाच नाही, ज्याचा त्यानं आपल्या गावात जिरवायचा. वास येतो तो ओल्याचा. इतकं साधं, पण बैठकीतल्या इंजिनिअरसाहेबांना सुचलं नव्हतं.

म्हणून आता आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यात नाडेपचा टाका आहे. पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे, म्हणजेच नाडेपकाका, यांची ही पद्धत. जाळीसारखी भोकं ठेवलेल्या विटांच्या भिंती, आत काडीकचरा, शेण, माती यांचे थर, वरून लिंपण. तीन-चार महिन्यांत खत. पहिला टाका उघडला तेव्हा आत संत्र्याच्या साली ओळखू येत होत्या, थर भरताना माझा अंदाज चुकला होता, पाणी कमी पडलं. दुसरा उघडला तर हातात काळंभोर, पावसानंतरच्या अंगणासारखा वास. सौ.नं मूठभर घरी आणून तुळशीला घातलं.

तिसऱ्या गाडीला साडेतीन स्टार. कापले कशासाठी? सॅनिटरी कचऱ्याची अजून सोय नाही, ही सगळ्यात मोठी उणीव, घरात तान्हं मूल असलेल्यांनी काय करायचं? सणाला ड्रायव्हर सुट्टीवर गेला की बदली माणूस नाही. चौथी पंचायत वर्गणी उशिरा देते आणि वही माझ्याकडे असल्यानं फोन मलाच करावा लागतो. पेंटरनं गाडीवर नावं लिहिली तेव्हा तीन पंचायतींची मोठी अक्षरं झाल्यावर जागा संपली आणि चौथीचं नाव मागच्या चाकावर, बारीक अक्षरांत आलं. फोन केला की आधी तोच विषय निघतो. दिवाळीच्या आत नावं पुन्हा रंगवायचं ठरलंय, पेंटरला आगाऊ पाचशे दिलेत, वहीत नोंद केलीय.