व्हिडिओ कॉलवर पत्त्यांची जादू: संक्रांत ते पोळा, माझा अनुभव

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावातून मी संक्रांतीपासून व्हिडिओ कॉलवर पत्त्यांची जादू करते आहे. सुरुवात पुण्यातल्या भाच्यांपासून झाली. मग नणंदेच्या सोसायटीतली मुलं आली, नागपूरजवळचा एक वृद्धाश्रम आला, आमच्याच शाळेतून शिकून वसतिगृहात गेलेल्या मुली आल्या. तीसेक प्रयोग झाले असतील. एवढ्या महिन्यांत काय टिकलं आणि काय सोडून द्यावं लागलं, ते लिहिते.

आधी सामान. वाकणाऱ्या मानेचा मोबाइल स्टँड मागवला होता. पंख्याच्या वाऱ्यानं तो डुलायचा आणि फोनच्या वजनानं हळूहळू खाली झुकायचा. शेवटी उपयोगी पडलं ते घरातलं प्लॅस्टिकचं स्टूल. त्याच्या बैठकीला मधोमध भोक असतं. फोन त्यावर आडवा ठेवायचा, मागचा कॅमेरा भोकावर आणायचा आणि स्टुलाच्या चार पायांमध्ये पत्ते मांडायचे. आपण जमिनीवर बसायचं, म्हणजे स्क्रीनही दिसते. खाली सोलापुरी चादरीची दुहेरी घडी घालते. फरशीवरून पत्ता नखानं उचलावा लागतो, चादरीवरून तो बोटाला अलगद येतो. बल्ब डोक्यावर नको, बाजूला हवा, नाहीतर गुळगुळीत पत्त्यावर पांढरा डाग पडतो आणि बदामाची राणी दिसेनाशी होते. या सोयीत एकच उणीव आहे, लोकांना माझा चेहरा दिसत नाही. म्हणून दुसऱ्या फोनवरून त्याच कॉलमध्ये येते. त्याचा माइक आणि स्पीकर मात्र बंद ठेवायचा, नाहीतर कानठळ्या बसतात.

पत्ते. आधी प्लॅस्टिकचे घेतले, धुता येतात म्हणून. ते इतके निसटते की गड्डी हातात ठरत नाही. मग बायसिकल या ब्रँडचा कागदी कॅट घेतला. फेब्रुवारीत तो लोण्यासारखा चालला. एप्रिलमध्ये कूलर लागला आणि आठवड्याभरात पत्ते पापडासारखे वाकले. कूलरची ओली हवा कागद पितो, हे तेव्हा कळलं. आता प्रयोगाआधी अर्धा तास कूलर बंद ठेवते. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात हे सोपं नाही, पण दुसरा इलाज मला सापडला नाही. पत्ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. आकडा मोठा छापलेला, जंबो इंडेक्सवाला कॅट मिळाला तर तोच घ्या. नेट मंदावलं की इस्पिक आणि किलवर पलीकडे एकसारखेच दिसतात, म्हणून मी प्रत्येक पत्ता मोठ्यानं नावानिशी सांगते.

समोरच्या कॅमेऱ्यात आपल्याला सगळं उलटं दिसतं, त्याला घाबरू नका, पलीकडच्यांना सुलटच दिसतं. झूमच्या फुकट खात्यात ४० मिनिटं मिळतात, ती पुरतात. पत्ते पिसल्याचा फर्र आवाज झूम गोंगाट समजून कापून टाकतं. ‘ओरिजिनल साउंड’ चालू केलं की तो ऐकू येतो.

आता खरा मुद्दा. मी वर्षभर घासून जी हाताची सफाई कमावली, तिचा फोनवर काही उपयोग नाही. भाचा म्हणाला, "मामी, तू व्हिडिओ एडिट केला असशील." मला ते लागलं, पण त्याचं बरोबर होतं. स्क्रीनच्या आत काहीही होऊ शकतं. नवल वाटायचं तर ते त्याच्या स्वतःच्या हातात घडलं पाहिजे, पत्ते त्याचे, पिसणं त्याचं, आणि मी शंभर कोसांवर. त्यानंतर मी फक्त असेच खेळ ठेवले.

तेही सगळे चालत नाहीत. एकवीस पत्त्यांचा जुना खेळ, सात-सातच्या तीन रांगा, तीनदा मांडायच्या आणि मनात धरलेला पत्ता अकरावा निघतो. समोरासमोर छान, कॉलवर तिसऱ्या मांडणीपर्यंत मुलं उठून जातात. नॉर्मन गिलब्रेथ या अमेरिकी गणिती-जादूगारानं १९५८ मध्ये मांडलेलं तत्त्व मला फार आवडतं: काळे-लाल आलटून पालटून लावलेल्या पत्त्यांचे दोन भाग केले, दोन्हींच्या तळाशी वेगळा रंग ठेवला आणि फर्रकन एकमेकांत मिसळले, तरी जोडीजोडीत एक काळा आणि एक लाल येतो. पण आपल्याकडे हातात धरून पिसतात, तिथे ते मोडतं. शिवाय पलीकडच्याचा कॅट आधी लावून कोण देणार?

मनापासून सांगावा असा खेळ एकच, चार पत्ते फाडण्याचा. मूळ कल्पना स्पेनच्या वूडी आरागॉन या जादूगाराची. २०२४ च्या चिनी नववर्षाच्या टीव्ही कार्यक्रमात लिऊ छिएन या जादूगारानं तो घरोघरच्या प्रेक्षकांकडून करून घेतला होता. मी त्याला आपले शब्द दिले.

कोणतेही चार पत्ते घ्या, पिसा, एकत्र धरून मधोमध फाडा, एक गठ्ठा दुसऱ्यावर ठेवा. आठ तुकडे झाले. तुमच्या नावात जितकी अक्षरं, तितके तुकडे एकेक करून वरून खाली घाला. आता वरचे तीन एकदम उचलून मधे कुठेही खुपसा. अगदी वर नाही, अगदी खाली नाही. सर्वांत वरचा तुकडा न पाहता मांडीखाली ठेवा. मनाला येईल तसे एक, दोन किंवा तीन तुकडे वरून उचलून पुन्हा मधे घाला. विदर्भात राहणाऱ्यांनी वरचा एक टाकून द्यावा, बाहेर असणाऱ्यांनी दोन. मग माझ्यासोबत म्हणा, "प-ऱ्हा-टी-फु-ट-ली-रे", दर अक्षराला एक तुकडा वरून खाली (पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड). शेवटी "कापूस ठेवा" म्हटलं की वरचा खाली घाला, "सरकी टाका" म्हटलं की पुढचा टाका. एकच उरेपर्यंत हेच. उरलेला तुकडा मांडीखालच्याशी जोडून बघा.

सात अक्षरं मोजूनच निवडलीत, सहा किंवा आठ केली तर खेळ फसतो. नावाची अक्षरं मात्र कितीही चालतात, कारण तुकड्यांची फेरी गोल आहे आणि प्रत्येक तुकड्याचा जोडीदार चार घरं दूरच राहतो. ‘ज्ञानेश्वर’ कुणी चार मोजो, कुणी पाच, बिघडत नाही. ही सूट आहे म्हणूनच हा खेळ दूरच्या माणसाला देता येतो.

तरी फसतो. त्या चिनी कार्यक्रमात सूत्रसंचालकाच्याच हातातले तुकडे जुळले नव्हते. माझ्याकडे वृद्धाश्रमात तसं झालं. एका आजोबांनी तीन तुकडे मधे घालायचे ते खाली घातले. बाकी सगळे ओरडत होते आणि आजोबा दोन न जुळणारे तुकडे पुन्हा पुन्हा एकमेकांना लावून पाहत होते. मला त्या रात्री झोप लागली नाही. आता त्या पायरीला मी स्वतः करून दाखवते आणि प्रत्येकाला खालचा तुकडा हलला नाही ना, ते विचारते. टाकून झालं की "हातात किती उरले?" हेही विचारते. विदर्भातल्यांकडे सहा, बाहेरच्यांकडे पाच. नेट तीन सेकंद अडकलं तरी ‘पऱ्हाटी’तलं एक अक्षर हुकतं, म्हणून एक अक्षर म्हणते, पलीकडून ते परत ऐकू आलं की मगच पुढचं. लाईन (वीज) गेली की आमच्याकडे थोड्या वेळानं टॉवरही जातो, तेव्हा सरळ दुसऱ्या दिवशीची वेळ देते.

गावातल्या घरांत मात्र वेगळीच अडचण, पत्तेच नसतात. पत्ते म्हणजे पोळ्याचा जुगार. कॅट आला त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, "काहून वं, घरात पत्ते कायले आणले?" म्हणून मी जुन्या लग्नपत्रिका वापरायला सांगते. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आडवं लिहायचं: कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. जाड असल्यानं चारही एकत्र धरून कात्रीनं कापायच्या. मग एका हातात ‘सोया’ येतो आणि मांडीखालून ‘बीन’ निघतो.

यंदा तान्ह्या पोळ्याला भाच्यांसाठी प्रयोग ठेवला होता. सासूबाई स्टुलाशेजारी येऊन बसल्या, चार पत्रिका मागितल्या आणि "सरकी टाका"ला सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा होता. त्यांच्या मांडीखालून ‘तू’ निघाला, हातात ‘र’ होता. आता दिवाळीत वसतिगृहाच्या मुलींसाठी चाळीस जणींचा प्रयोग आहे. पत्रिका गोळा करायला सासूबाईच शेजारी जात आहेत.